मनिरामची पोर चालू लागली

आसगावच्या तळ्याच्या पाळीवर मनिराम मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याने दोन वर्षांची पोर मासे ठेवायच्या टोपलीत बसवली होती, चारी बाजूंनी चिंध्या कोंबून. मला रागच आला.

"अशानं ती कधी बसायची नाही."

"बायेर काढली का कलंडते." तो हसला. "तुमी कोन?"

"अंगणवाडीची नवी बाई. सुलोचना."

हे त्र्याऐंशी सालचं. त्याची बायको बाळंतपणातच गेलेली, रेवता जन्मली ती उशिरा रडली आणि अंगाने मागे राहिली. अशा पोरीच्या घरात लेक कोण देणार? रेवताची सख्खी मावशी रुखमा होती, पण तिच्याही बापाने नाही म्हटलं होतं.

नागपूरच्या दवाखान्यात शिकलेले व्यायाम घ्यायला मी रोज जाऊ लागले. पोटावर झोपवायचं, खुळखुळा बाजूला वाजवायचा, मांडीवर बसवून पाठीचा हात हळूच काढायचा... मनिराम शेजारी बसून शिकायचा. त्याच्या ओल्या हातांना तळ्याचा वास यायचा. मला तो आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू?

"बाई, तुमी रोज कायले येता?"

"पोरीसाठी."

"अन् पोरगी चालाले लागली, मंग?"

"मग... नाही येणार."

"मंग नोको चालू दे," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मी खाली बघून हसले.

त्याने दोन झाडांमध्ये जाळ्याचा जुना दोर ताणून बांधला. तो धरून रेवता उभी राहू लागली. दीड वर्षाने एका सकाळी दोर सोडून चार पावलं चालली आणि माझ्या पदराला बिलगली. मनिरामची आई सखाबाई माझ्या पाया पडली. "उद्या मायसंग बोलतो... आपल्या दोघाईचं," मनिराम कानाशी म्हणाला.

त्याच आठवड्यात रुखमाचा बाप सोयरीक घेऊन आला. पोर चालते म्हटल्यावर त्याची हरकत संपली. सखाबाईला जातीची सून हवी होती, मी पडले कुणब्याची.

"माय आयकत नाई, बाई..." मनिराम एवढंच बोलला. त्याने भांडायला हवं होतं. तो राग मला आजही आहे.

लग्नानंतर तो रुखमाला घेऊन अंगणवाडीत आला. "हिले शिकवून द्या. पोरीचा डावा पाय अजून वाकडा पडते."

नाही म्हणावंसं वाटलं. पण व्यायाम थांबला तर पाय आखडला असता. मी रुखमाचा हात धरून रेवताच्या टाचेखाली ठेवला.

"हळू दाब... असं. रोज वीसदा," मी म्हणाले. "मी आता घरी यायची नाही."