साक्षीचा जबाब

स्थिरकक्षाचं जाड दार उघडलं आणि वैजयंती गावंड बाहेर येऊन डॉ. तळवलकरांसमोरच्या खुर्चीत बसली.

भूतकाळात माणूस पाठवणं अजून कुणाला जमलं नव्हतं. एक क्षीण विद्युतस्पंद मात्र पाठवता येत होता. तळवलकरांनी तो सहा वर्षं मागे, खाडीकाठच्या एका ओसाड धक्क्यावर पाठवला होता. तिथला बंद दिवा क्षणभर लागावा, एवढंच. पंचाईत त्यापुढे होती. भूतकाळ बदलला की माणसांच्या आठवणी आणि कागदोपत्री नोंदीही त्याबरोबर बदलतात, त्यामुळे काही बदललंय हे कुणाला कळतच नाही. स्थिरकक्षाच्या भिंती हा बदल आत येऊ देत नसत. म्हणून प्रयोगाच्या वेळी एका साध्या माणसाला आत बसवत. त्याला 'साक्षी' म्हणत. जुना इतिहास एकट्या साक्षीच्या डोक्यात उरे. त्यानं फरक सांगितला, तर उलटा स्पंद पाठवून सगळं पूर्ववत करायचं, असा कायदा होता.

टेबलावर ठेवलेला वैजयंतीचा फोन वाजला. पडद्यावर भावाचं नाव होतं. जनार्दनची होडी त्याच धक्क्याजवळ खाडीत बुडून सहा वर्षं झाली होती.

तिनं फोन कानाला लावला.

"ताई, झालं का तुझं? गेटपाशी उभा आहे."

"येते," ती कसंबसं म्हणाली.

"कोण?" तळवलकरांनी विचारलं.

"भाऊ. न्यायला आलाय."

"काय बदललंय, वैजयंतीबाई?"

"काही नाही."

"फोन अजून कानालाच आहे तुमच्या."

"ठेवायचा राहिला, सर."

तळवलकर तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला भाऊ आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते मला आधीपासून ठाऊक होतं की आत्ताच ठाऊक झालं, हे मी सांगू शकत नाही. पडताळायला माझ्याकडे काहीही नाही."

"मग विश्वास ठेवा."

"ठेवतोच. तुमच्याआधीचे सगळे साक्षीही 'काही नाही' असंच म्हणाले होते." त्यांनी नजर वळवली. "म्हणून तर सरकारला हा प्रयोग निर्धोक वाटतो."

गेटबाहेर जनार्दन स्कूटरवर बसला होता. थोडा जाड झाला होता. वैजयंतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"अशी काय बघतेस?"

"काही नाही."

"जाताना रमाकांतच्या आईकडे थांबू या. तो बुडाल्यापासून म्हातारी तुझ्याशिवाय कुणाशी धड बोलत नाही."

आज सकाळी वैजयंतीला इथे सोडायला जनार्दनचा हा जुना मित्र, रमाकांतच, आला होता. जाताना, संध्याकाळी न्यायला येतो, असंही म्हणाला होता.

कसा बुडाला, कधी बुडाला, हे तिला विचारता येईना. या जगातल्या वैजयंतीला ते माहीत असायला हवं होतं. मागे वळून एक वाक्य बोललं असतं, तर रमाकांत परत आला असता. आणि जनार्दन गेला असता.

ती मागे बसली. स्कूटर सुरू झाली. तेव्हा पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की जनार्दनची होडी मुळात बुडायचीच होती, की आधीच्या एखाद्या प्रयोगानंतर त्याच खुर्चीत बसून कुणीतरी आपल्या माणसासाठी 'काही नाही' म्हणालं होतं?

"म्हातारीला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? नेहमीसारखी जवळ बस," जनार्दन म्हणाला.