सातव्याचं नाव

चहा गाळता गाळता जोविटाने डाव्या हाताची बाही जराशी वर सरकवली. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या, नखाएवढ्या पट्टीवरचा ठिपका अजून जांभळाच होता. आज आठवा दिवस. तिने बाही खाली ओढली, क्रूसाची खूण केली आणि कपबश्या मांडल्या.

“सारखं सारखं मनगटाकडे काय बघतेस गं?” इजाबाय ओट्याशी शेवंतीची फुलं निवडत होती. “तिथं काय पाळणा हलतोय?”

सासूचा टोमणा नवा नव्हता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. जोविटा चहा ओतत राहिली. तिच्या नवऱ्याने, नॉर्बर्टने, मात्र बशी जरा जोरात आपटली. “आई, आज मृतांचा दिवस आहे. आज तरी जिभेला उपास घाल.”

“घालते. पण आज आपण कबरीवर मेणबत्त्या लावू. तुझ्यानंतर आमच्या कबरीवर कोण लावील, ते विचारते मी.”

पट्टीचं नाव होतं ‘चाहूल’. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या कुटुंब केंद्रात सिस्टर ऑरेलियांनी ती आणली, तेव्हा जोविटाला हायसं वाटलं होतं. सिस्टर धर्मभगिनी, आणि स्वतः डॉक्टरही. त्याआधी शहरातल्या एका दवाखान्यात नॉर्बर्टच्या हातात नमुन्यासाठी डबी देऊन त्याला एकट्याला एका खोलीत पाठवायला निघाले होते. तो लाल झाला, जोविटा उठली, आणि दोघं तशीच घरी आली. नवराबायकोचं एक होणं आणि बाळाचं येणं यांची फारकत करायची नाही, ही शिकवण दोघांनी लग्नाआधीच्या शिबिरात ऐकली होती आणि मनापासून मानली होती. चाहूलला ना नमुना लागे, ना सुई. घामातली सूक्ष्म द्रव्यं वाचून ती बाईचे सुपीक दिवस सांगे. ठिपका हिरवा झाला की ते दिवस आले. रोज पहाटे थर्मामीटर लावून चौकटीच्या कागदावर रेघा ओढणं संपलं.

मग गेल्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पट्टीची नवी आज्ञावली आपसूक उतरली आणि एका सकाळी ठिपका जांभळा झाला. जोविटा धावतच केंद्रात गेली.

“बीज फळलं की पहिल्याच दिवशी ते आईच्या देहाला निरोप धाडतं,” सिस्टरांनी समजावलं. “त्या निरोपाचं एक प्रथिन असतं. आद्यप्रथिन म्हणू या. आता पट्टीला तेही वाचता येतं. आठव्या-नवव्या दिवशी जीव गर्भाशयात रुजला, की जांभळ्याचा सोनेरी होईल.”

“आणि नाही रुजला तर?”

सिस्टरांनी चष्मा पुसला होता. “तर ठिपका विझेल.”

तो सहाव्या दिवशी विझला. पुढचा सातव्या, आणखी एक पाचव्या. दीड वर्षात सहा वेळा. म्हणजे जोविटा वांझ नव्हतीच. दर वेळी पाळी आली की ‘या महिन्यातही नाही’ म्हणून ती डोळे पुसायची, त्या साऱ्या महिन्यांत कोणीतरी येऊन गेलं होतं का? आधीच्या साडेसात वर्षांचा हिशेब तर देवाकडेच होता.

जीव पहिल्या क्षणापासून जीव, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. म्हणून ठिपका पेटला त्या दिवशीच्या संताचं नाव ती त्या जिवाला देई. ब्लेझ. अंतोन. आना. मुलगा की मुलगी, कोणाला ठाऊक! रोजच्या जपमाळेनंतर सहा नावं घ्यायची, हा तिचा नेम झाला होता. सातव्या वेळी तिने कॅलेंडर उघडलंच नाही. नाव दिलं की तो जाईल, अशी वेडी भीती तिच्या मनात बसली होती.

दुपारी ती सिस्टरांना भेटली. ठिपका जांभळा झाल्याच्या पहिल्या दिवसापासून सिस्टर तिला गर्भाशयाचं अस्तर टिकवणाऱ्या गोळ्या देत होत्या. चाहूलमुळे इतक्या लवकर उपचार करता येत होता.

“सिस्टर, एक विचारू? रागावू नका. सहा जण गेले हे ठाऊक असताना आम्ही सातव्याला बोलावलं. हे पाप तर नाही ना?”

“पाप कसलं, बाळा? तुम्ही दार उघडं ठेवलंत. पाहुणा दारातून परतला, तर दार उघडणाऱ्याचा काय दोष?”

“पण उंबरठा मोडलाय हे ठाऊक असून?”

सिस्टर ऑरेलियांनी गोळ्यांची डबी तिच्या पुढ्यात सरकवली. बाहेर कोणी खराट्याने आवार झाडत होतं.

“म्हणून तर उंबरठा दुरुस्त करतोय,” त्या म्हणाल्या. “याहून पक्कं उत्तर माझ्यापाशी नाही. पूर्वी असं कुणाला कळतच नव्हतं गं. हा प्रश्न विचारायला तुमचीच पिढी पहिली.”

घरी आल्यावर नॉर्बर्टने तिचा हात हातात घेतला. “काढून टाक ती पट्टी. गोळ्या घे, पण हे बघत बसणं नको. कळलं नाही तर रडावं लागणार नाही.”

“आणि ते आले होते हे कोणालाच कळलं नाही तर?” जोविटा हळू म्हणाली. “निदान आईला तरी कळायला हवं ना रे?”

त्याने हात सोडला नाही, पण पट्टीकडे पाहिलंही नाही. मनगट पुन्हा बघायचं नाही, असं तिने ठरवलं. दिवेलागणीपर्यंत तरी.

सूर्य कलताना सारा गाव चर्चमागच्या दफनभूमीत जमला. चुन्याने रंगवलेल्या कबरींवर शेवंती, झेंडू, आणि ओळीने ज्योती. इजाबायने नवऱ्याच्या कबरीवर चार मेणबत्त्या लावल्या. जोविटाने पिशवीतून सहा काढल्या आणि सासऱ्यांच्या पायाशी, मातीतच, एकेक रोवू लागली.

“या कुणाच्या?” इजाबायने विचारलं.

नॉर्बर्ट पुढे झाला; जोविटाने मानेनेच त्याला थांबवलं. मग तिने सासूला सगळं सांगितलं. ठिपका, निरोप, विझणं. सहाही नावं सांगितली. आवाज कुठेच चढला नाही, फक्त ‘आना’पाशी अडकला.

इजाबाय खाली बसली.

“माझी तीन जगली,” ती म्हणाली. “नॉर्बर्टच्या आधी चार वर्षं काहीच नव्हतं. महिना महिना उशीर व्हायचा, मग पाळी यायची. सासू म्हणायची, उष्णता झाली असेल. मी पण तेच म्हटलं.” तिने जवळच्या खोक्यातल्या मेणबत्त्या चाचपल्या. “जोवी, माझ्या किती लावायच्या गं?”

जोविटाची नजर दफनभूमीभर फिरली. कबरीकबरीशी वाकलेल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आजपर्यंत होऊन गेलेल्या साऱ्या बाया. त्यांच्या किती?

इजाबायने एक मेणबत्ती मातीत रोवून पेटवली. दुसरी तशीच, न पेटवता जोविटाच्या पिशवीत टाकली.

“ही कशाला, आई?”

“बाप्तिस्म्याला लागते.” म्हातारी तिच्याकडे न बघताच म्हणाली. “सातव्याचं नाव काय ठेवलंस?”

“नाही ठेवलं अजून.”

“मग बघ तरी. सकाळपासून बघत होतीस, आता का भितेस? आम्ही आहोत ना दोघं.”

नॉर्बर्टने खांद्यावर हात ठेवला. जोविटाने बाही वर केली. ठिपका जांभळा नव्हता. शेकडो ज्योतींच्या उजेडात तिचं मनगट, चुना, फुलं, सासूच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सारंच सोनेरी झालं होतं. हा रंग पट्टीचा, की विझलेल्या ठिपक्यावर पडलेला मेणबत्त्यांचा? तिने दुसऱ्या हाताची ओंजळ करून मनगटावर सावली धरली. इजाबायनेही आपला तळवा त्यावर आडवा धरला आणि तिघं एकदमच खाली वाकली.

“काय गं,” म्हातारीने श्वास रोखून विचारलं, “आत उजेड आहे का?”