मुलगी बघायला निघालं की तापणारी गाडी

प्रेमकथेत पाऊस असावा लागतो, हे शिवांगीलाही ठाऊक होतं. पण मार्चातल्या कंधारात पाऊस कुठून आणायचा? तिच्या वाट्याला आली ती वाफ.

मुखेड रस्त्यावर, तिच्या गॅरेजपासून शंभर पावलांवर, वीस वर्षांची एक पांढरी गाडी फुसफुसत उभी होती. वाफेतून चष्मा पुसत एकजण बाहेर आला, हातात पाण्याची रिकामी बाटली. आकाशी शर्टाची इस्त्री मोडलेली, कपाळावर टिळा.

“मेकॅनिक कुठं आहेत?”

“तुमच्यासमोर उभी हाय की.”

तो गडबडला... मग हसला, आणि बाजूला सरून बॉनेटपुढची जागा तिला दिली. लोक आधी “तुम्हाला जमेल का?” विचारतात. यानं विचारलं नाही. शिवांगीनं ते मनात टिपून ठेवलं.

हा राघवेंद्र, नांदेडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. आई विमलताई मागच्या सीटवर पदरानं वारा घेत होत्या. दोघं उदगीरला मुलगी बघायला निघाले होते. शिवांगीनं थर्मोस्टॅट बदलला, तोवर विमलताईंनी अपशकुन ठरवून गाडी माघारी वळवायला लावली.

“रोज कळवा,” तिनं बजावलं. “किती किलोमीटर, आन इंजिनच्या गरमीचा काटा कुठं.”

मास्तर माणूस तो, रोज कळवू लागला.

“आज लातूरला जाऊन आलो. काटा मधोमध. तुमचा?”

“मला काटा न्हाई.”

“मग तापल्याचं कळायचं कसं?”

“न्हाई कळत. गप गाडी चालवा, सर.”

फोन ठेवल्यावर ती स्पॅनर शोधायची, आणि तो तिच्याच हातात असायचा.

महिनाभर गाडी गुणाची. मग एका रविवारी जळकोटची मुलगी बघायला निघाले, आणि गाडी पुन्हा कंधारात उकळली. शिवांगी पोचेपर्यंत राघवेंद्रनं पाणी घालून ठेवलं होतं. तिनं फॅनचा रिले बदलला, पाइप दाबून पाहिले, खालून आडवी होऊन गळती शोधली. काहीच नाही.

संध्याकाळी अण्णारावांनी खुर्चीतूनच सुनावलं. कंबर गेल्यापासून ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि लेक गॅरेज चालवायची. “बाई, लोक हसून राहिलेत. तो मोबाईलवाला शटर भाड्यानं मागून राहिला. ही गाडी तिसऱ्यांदा परत आली, की चावी त्याला देतो बघ.”

शिवांगी त्या रात्री जेवली नाही. हात तिचे होते, पण गॅरेज अण्णांच्या नावावर होतं.

सकाळी तिनं राघवेंद्रला फोन लावला. “कॉलेजला जाता तवा तापत न्हाई. लातूरला न्हाई. फक्त पोरी बघायला निघालात की तापते. असं कसं?”

“संख्याशास्त्रात याला योगायोग म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“ते... समोर आल्यावर सांगतो.”

“अजून एक. दोन्ही येळी मी यायच्या आत तुम्ही झाकण उघडून, पाणी घालून मोकळे होता. पुरावाच पुसता. ह्या खेपेला तापली तर रेडिएटरला हात लावायचा न्हाई. भाजाल ते वेगळंच.”

“काळजी आहे म्हणायची.”

“गाडीची!”

तिसरी मुलगी देवणीची. रविवारी अकराला गाडी नेमकी तिथंच येऊन फुसफुसली. अण्णाराव काठी टेकत आले. शिवांगीनं पाऊण तास इंजिन निवू दिलं. मग झाकणावर फडकं ठेवलं. जोर लावायला हात आवळला, तर झाकण बोटाच्या धक्क्यानंच सुटून आलं.

“हे कुणी लावलं व्हतं?”

“मी नाही,” राघवेंद्र म्हणाला. “शपथ.”

मागच्या सीटवर विमलताईंनी घसा साफ केला. “मी. शुभकार्याला निघताना गाडीला वाटीभर गोदेचं तीर्थ घालते. टायरवर ओतलं तर मातीतच जातं, म्हणून तिच्या तोंडात.”

“आन झाकण?”

“हलकंच लावते गं. मनगट दुखतं. आणि वाफेला वाट नको?”

शिवांगीनं झाकण त्यांच्यापुढं धरलं. “काकू, कुकरला शिटी न्हाई लावली तर?”

“पाणी उडून जाईल, डाळ करपेल.”

“हे झाकण म्हंजे शिटीच! दाबून शेवटच्या खटक्यापर्यंत फिरवलं, तर दाब धरतं आन पाणी लवकर उकळत न्हाई. तुम्ही पहिल्याच खटक्यावर सोडता. कंधार येस्तवर निम्मं पाणी वाफ होऊन जातं. मग सर घट्ट लावतात, मी घट्ट लावते, म्हणून महिनाभर बरी!”

अण्णारावांनी झाकण हातात घेतलं. “पंचवीस वर्सं झाकणं उघडली म्या. कुणी लावलं, हे कधी इचारलं न्हाई.”

“आता बसा गाडीत. समदे.”

पाणी भरून, झाकणाचे दोन्ही खटके ऐकून ती स्टिअरिंगवर बसली. शेजारी राघवेंद्र, मागं दोघं वडीलधारे. एसी फुल्ल ठेवून, भर उन्हात, तिनं गाडी त्या चढावर घातली जिथं ट्रकवालेही पहिला गिअर टाकतात. काटा मधोमध. माथ्यावर पोचली, तरी मधोमध! शिवांगीनं स्टिअरिंगवर थाप मारली, हॉर्न वाजला, आणि शेजारच्या बाभळीवरची पाखरं उडाली.

“जितलीस गं बाई!” अण्णारावांनी तिथूनच मोबाईलवाल्याला फोन लावला. “दुसरीकडं जागा बघा. शटर भाड्याला न्हाई. मेकॅनिक हाय ना, माझी लेक!”

तिनं गाडी कडेला घेतली. आवाज मात्र एकदम बारीक झाला. “जावा आता देवणीला, सर. चारच्या आत पोचाल.”

राघवेंद्र उतरेना.

“आज ही गाडी दुरुस्त व्हायची नव्हती, शिवांगी.”

“म्हंजे?”

“देवणीच्या मुलीची मी परवाच फोनवर माफी मागितली. तिचंही दुसरीकडं ठरत होतं, हसली बिचारी. आईला सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, कंधारात गाडी तापेलच. तापली की...”

“की काय?”

“की तुम्ही याल.”

“आयला,” मागून अण्णाराव पुटपुटले.

“म्हणजे मी तीर्थ घालते,” विमलताई कडाडल्या, “आणि हा कंधारची वाट बघतो!” मग पुढं वाकल्या. समोरच्या आरशात शिवांगीचा ग्रीस लागलेला गाल दिसत होता. “अण्णाराव, मुलगी बघायला निघालो होतो, बघून झाली. मला पसंत आहे.”

“मला काय इचारता? गाडी ती चालवून राहिली.”

शिवांगीनं राघवेंद्रकडं सरळ पाहिलं. “गॅरेज सोडणार न्हाई मी.”

“मी नांदेडहून जाऊन-येऊन करीन. पन्नास किलोमीटर तर आहे.”

“हात काळे ऱ्हातील माझे.”

“ते मी पहिल्या दिवशीच पाहिले.” त्यानं तिचा तळहात धरला, ग्रीससकट... आणि त्याच आकाशी शर्टाच्या बाहीवर डाग पडला, तरी सोडला नाही.

“हाव, मलाबी पसंत हाय,” ती म्हणाली, आणि एका हातानंच गाडी वळवली.