इमोजेनच्या टेबलावरचे गुरुवार

दवाखान्याच्या दाराला गोल मूठ होती. हात दुखणाऱ्यांचा दवाखाना, आणि दाराला असली मूठ! ती लावणाऱ्याच्या नावाने बोटं मोडावीत म्हटलं तर तीही सोय नव्हती — माझ्या उजव्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत काळा पट्टा आवळलेला. डावा हात पावसाने ओला, नुसता निसटत होता.

"सरका, मी बघतो," मागून कुणीतरी म्हणालं.

उंच, लालसर दाढीचा माणूस. त्याने ऐटीत हात पुढे केला... आणि त्याच्याही मनगटाला तस्साच पट्टा! मूठ जराशी फिरली, त्याचा चेहरा मात्र पुरता पिळवटला.

"बघितलंत?" मी म्हणाले. "आता?"

"आता तुमचा डावा आणि माझा डावा."

दोन हात एकावर एक ठेवून आम्ही मूठ फिरवली. दार उघडलं. हात काढायला त्याला थोडा उशीरच झाला. आणि खरं सांगू — मलाही.

त्याचं नाव फर्गस. मेंढ्यांची लोकर कातरायचा, एका टोळीबरोबर गावोगाव फिरून. मी मेरेआना, ब्लफ गावच्या बंदरात धक्क्यावरच्या शेडमध्ये कालवं फोडते. हंगामभर तेच — सुरी खुपसायची, मनगट पिरगळायचं, शिंपला उघडायचा, की पुढचा. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग एके दिवशी चहाचा कप हातातून सुटला.

"कालवं निदान लाथा तरी मारत नाहीत," फर्गस म्हणाला.

"मेंढीला निदान शिंपल्यासारखी धार तरी नसते," मी म्हणाले.

तो हसला. आमचा दोघांचा उपचाराचा वार एकच, गुरुवार; त्या हसण्यासाठी मी पुढच्या गुरुवारची वाट बघत बसले.

अडचण एकच होती... इमोजेन.

इमोजेन आमच्या हातांवर उपचार करायची. एका लांब टेबलापाशी आम्हा सगळ्यांना बसवायची आणि आळीपाळीने एकेकाचा हात हातात घ्यायची. गार, लांबसडक बोटं. माझा अंगठा दाबायची तेव्हा मी ओरडायचे. फर्गसचा दाबायची तेव्हा तो डोळे मिटायचा! मी समोर बसून व्यायामासाठी दिलेला मऊ मातीचा गोळा चिमटीत दाबत असायचे. माझ्या लेखी तो गोळा म्हणजे इमोजेन होती.

दवाखान्यातून निघाल्यावर आम्ही समोरच्या दुकानात गरम चीज रोल खायचो. एव्हाना आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो होतो. पण त्याची गाडी सारखी इमोजेनवरच जायची.

"इमोजेन म्हणते, रात्री पट्टा काढायचा नाही."

"हं."

"इमोजेन म्हणते, बादली उचलताना अंगठा बाहेर ठेवायचा नाही..."

"रोल कसा खायचा, ते नाही का सांगितलं तिने?"

"तुला काय झालं?"

"काही नाही. अंगठा दुखतोय."

मग एका गुरुवारी मी जरा लवकर पोचले. तो आधीच आत होता. त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी हळूच इमोजेनच्या हातात ठेवलं. ती खळखळून हसली, त्याच्या मनगटावर थोपटलं... अंगठ्यातली कळ थेट छातीत गेली. मी तशीच पाठ फिरवली आणि ब्लफला परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये सुरी घेऊन माझ्या जागेवर उभी राहिले. हुइया मावशी — सख्खी मावशी, आणि माझ्याच शेजारी उभी राहून कालवं फोडणारी — माझ्या हाताकडे बघत राहिली.

"पट्टा कुठाय गं?"

"खिशात. बरं वाटतंय."

"एवढ्यात? कुणाशी भांडलीस?"

"मावशी, काम कर ना!"

दात आवळून मी आठवडाभर कालवं फोडली. गुरुवारी गेले नाही. शुक्रवारी सुरी सटकून खाली पडली, आणि ती उचलायला मूठच मिटेना. डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून धक्क्यावर आले, तर समोर फर्गस. वाऱ्याने केस विस्कटलेले.

"काल का नाही आलीस?"

"तुला काय फरक पडतो? तुझा हात धरायला आहे की कुणीतरी."

"कोण?"

"इमोजेन म्हणते, इमोजेन म्हणते... जा ना मग तिच्याकडे! भेटी दे तिला कागदात गुंडाळून!"



"मेंढीची तंगडी होती ती."

"काय?"

"लाच. मेरेआना, माझा हात केव्हाच बरा झालाय. आमची टोळी डोंगराकडे कातरणीला गेलीसुद्धा, मला सोडून. इमोजेन म्हणाली, आता येऊ नकोस. मी म्हटलं, गुरुवारी नुसतं बसू दे. गेले कित्येक गुरुवार तिने माझ्या हातावर उपचारच केलेले नाहीत."

"खोटं! मी समोरच असते."

"असतेस, पण बघत असतेस तिच्याकडे. माझ्याकडे बघतेस कुठे?"



"टोळी सोडलीस... माझ्यासाठी?" मी हळूच विचारलं.

"मग काय चीज रोलसाठी?"

मी मान खाली घातली. माझा अंगठा सुजून लाल झाला होता. त्याने तो पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. "हे माझ्यावरच्या रागापायी केलंस?"

"तिच्यावरच्या," मी म्हणाले. "तू मला आवडतोस. फार. आणि मला ते कुणाबरोबर वाटून घेता येत नाही."

मागून हुइया मावशी ओरडली, "ए पोरी, सुरी मी उचलली गं! या हंगामात परत हातात देणार नाही, सांगून ठेवते!"

वाईट वाटलं. माझ्या जागेवर आता दुसरी कुणीतरी उभी राहणार... तिचाही हेवा वाटला, आत्तापासूनच.

"पुढच्या गुरुवारी येशील?" फर्गसने विचारलं.

"येईन. पण तू बाहेर थांबायचं."

"का?"

"तिच्यासमोर बसायचं नाही."

"अजून?"

"अजून!"

तो इतका हसला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. मग जवळ आला, आणि दुखरा अंगठा तेवढा सोडून माझी उरलेली चार बोटं त्याने अलगद हातात घेतली.