ज्योतीतली निळी रेघ

म्हैसूरला, चामुंडी टेकडीच्या अंगाला असलेल्या एका प्रयोगशाळेत मी कोळशापासून सिनगॅस करण्याचं गणिती मॉडेल बनवत होते. कोळशाची पूड आणि वाफ प्लाझ्माच्या ज्योतीत सोडली की काही हजार अंशांना तिचा वायू होतो, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. संगणकाचं भाकीत आमच्या छोट्या भट्टीत खरं ठरलं, तर मोठी भट्टी मिळणार होती.

भट्टी सयाजीराव चालवायचे. आमच्यासारखंच त्यांचंही मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या इथलं, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. मी त्यांना मामा म्हणे.

चाचणीच्या आठवड्यात तापमानाच्या चित्रात, लालभडक ज्योतीच्या मधोमध, एक उभी निळी रेघ उमटली. तिथे फक्त सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतके. मी समीकरणं तपासली, दुसऱ्या संगणकावर मॉडेल चालवलं. रेघ तशीच. फक्त दर वेळी ती भट्टीच्या काचेच्या खिडकीकडे जराशी सरकलेली असे.

"मामा, चूक सापडेना."

"स्वल्प दम धर गं. कसली चूक?"

"ज्योतीत कोणी उभं असावं, तशी."

मामा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

चाचणीच्या सकाळी मी मॉडेल पुन्हा चालवलं. रेघ खिडकीला टेकली होती.

मी धावत खाली आले. ज्योत पेटली होती. काळा चष्मा लावून मामा खिडकीवर वाकत होते.

"मामा, बेडा! नको! मागे या!"

ते दचकून मागे झाले.

काच फुटली.

ज्वाळा मात्र बाहेर आली नाही. भट्टी बंद होईपर्यंत ते भोक कोणीतरी झाकून धरल्यासारखं काळंच राहिलं.

तोवर जमलेला वायू मॉडेलशी तंतोतंत जुळला. मोठी भट्टी मंजूर झाली. मामांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. रेघ पुन्हा दिसली नाही.

भट्टी निवल्यावर आम्ही झाकण उघडलं. वितळलेल्या राखेचा काळा, काचेसारखा थर भिंतीवर बसला होता, सगळा खडबडीत. खिडकीभोवती तेवढा गुळगुळीत ठसा होता. दोन खांदे, मान, वर अंबाडा. खिडकीला पाठ लावून कोणी उभं राहावं, तसा.

मामांनी बॅटरी ठशाजवळ धरली.

"कोण गं ही?"

मी जवळ वाकले. खांद्यावरून खाली राखेत पदराचा काठ उमटला होता, कुयरी न् कुयरी मोजता येईल इतका स्वच्छ.