सीलबंद काटे

कैवल्य हिमलोटाखाली गेला, त्याला अठरा दिवस झाले होते. आज त्याची बॅग जॉर्जियाहून शारजाला, अल मजाज भागातल्या घरी आली. ती उघडताच स्मिताच्या हाताला एक सीलबंद पाकीट लागलं. स्कीच्या खाली लावायचे पोलादी काटे. तिनेच धाकट्या भावाला दिलेले.

आतल्या खोलीत आई अन्न सोडून पडली होती. अपघाताच्या दिवशी पहाटे चार वाजता तिने कैवल्यला उठवायला नेहमीसारखा फोन केला होता. तो त्याच्याच खोलीत उतरलेल्या अथर्वने घेतला. "उठलाय काकू, बूट घालतोय." बातमी आल्यापासून आईचा एकच घोष, मीच उठवलं, मीच मरायला धाडलं.

स्मिताने तिकडच्या बचाव पथकाशी त्या उताराबद्दल, तिथल्या बर्फाबद्दल बोलून घेतलं. मग अथर्वला बोलावलं. कैवल्यला दुबईच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर स्की घालून उभं राहायला शिकवलं ते यानेच. सहा महिन्यांत शिष्य पुढे गेला आणि स्की क्लबने सहलीचा लीडर केलं ते शिष्यालाच.

"तो निघाला कधी?"

"शार्प पाच. मला फीवर होता ताई, मी रूमवरच होतो."

"पहाटे उतार कसा असतो?"

"प्युअर आइस. काच."

"काट्यांशिवाय चढता येतं?"

"नो वे."

तिने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. "मग हे फोडलं का नाही त्याने?"

अथर्वने पाणी मागितलं. तिने दिलं नाही.

"वसंतात पहाटे तो बर्फ दगड असतो. दुपारी त्याची खीर होते आणि अख्खा उतार खाली येतो. म्हणून लोक अंधारात चढतात, दहाच्या आत उतरतात. मॉलमधला बर्फ मात्र दिवसभर एकच. माझ्या भावाला तेवढाच माहीत. काटे लागले नाहीत, म्हणजे तो मऊ बर्फावर चढला. दुपारी. चारला तो झोपलेलाच होता. तू त्याला उठवलं नाहीस, आणि उशिरा जाग आल्यावर 'आता गेलास तरी चालेल' म्हणालास. तुला विचारल्याशिवाय तो पाऊल टाकत नव्हता, नालायका!"

"मी ढकललं नाही त्याला." अथर्वचा आवाज चढला. "शिकवलं मी, आणि टाळ्या त्याला! एका पाकिटावर काय प्रूव्ह करणार? खलास." तो दाराशी जाऊन बूट घालू लागला.

आई खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मी उठवलंच नाही त्याला?"

"नाही आई. तुझा काही दोष नाही." आता तरी ही जेवेल, असं स्मिताला वाटलं.

आई अथर्वच्या बुटांकडे बघत होती.

"फोन त्याला दे, एवढंच म्हणायला हवं होतं गं मी," ती म्हणाली. "वेळेवर उठला असता तो."