पाच पावणे पावणेचार

डॉ. हेमांगी मयेकर बावन्न वर्षांची झाली तरी तिला दोनाचा पाढा येत नव्हता, आणि याचं कुणालाच नवल नव्हतं. कारण तो कुणालाच येत नव्हता. कानामागे लावायची तांदळाएवढी श्रुतिका पाढे, औषधं, रस्ते, समोरच्या माणसाचं नाव, सारं इंटरनेटवरून आणून प्रश्न पुरा व्हायच्या आत कानात सांगे.

याचा परिणाम हेमांगीनेच शोधून काढला होता. तिने त्याला 'सांडण' म्हटलं.

"मेंदू चिक्कू आहे, आई," ती समजावत होती. "नेटवर मिळतं ते तो डोक्यात ठेवत नाही. रात्री झोपेत सांडून देतो."

"म्हंजे बाजार दारात इलो की फडताळ रिकामा," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी श्रुतिका कधीच लावली नव्हती.

हेमांगी रोज सकाळी श्रुतिका अंगणाच्या दगडी गडग्यावर काढून ठेवी आणि आईकडून भरतीचं गणित शिके. आई तिच्या बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत तिथीची पाऊणपट मोजे. "आज पंचमी. पाच पावणे पावणेचार. पावणेचाराक भरती पुरी."

दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

"शिकान डॉक्टर झालंस, नि पावणकी येना नाय!" आई हसे आणि पुन्हा शिकवी. हेमांगीला तेवढ्यासाठीच विसरणं गोड वाटे.

"माझो फोटो कित्या काढणस नाय गो?" आईने एकदा विचारलं.

"नेटवर गेलीस की माझ्या डोक्यातून जाशील," हेमांगी म्हणाली. तिला त्याचीच भीती होती.

दुबईतल्या सुदेशला, तिच्या भावाला, हे ठाऊक नव्हतं. आईच्या पंचाऐंशीव्या वाढदिवसाला त्याने जुने फोटो, चित्रफिती, फोनवरची बोलणी, होतं नव्हतं ते सगळं मोठ्या प्रेमाने नेटवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी गडग्यापाशी आली. पायरीवर कुणी म्हातारी आमसुलं वाळत घालत होती.

"या तुमच्या आई," श्रुतिका म्हणाली.

हेमांगीने श्रुतिका काढून ठेवली आणि पायरीवर जाऊन बसली.

"इलंस? आज षष्ठी. काल काय शिकवलंय, इसारलंस मा?"

"हो. पहिल्यापासून शिकवा," हेमांगी रडत म्हणाली. "आधी तुमचं नाव सांगा."

त्या 'तुमचं'वर गोदावरीबाई थबकल्या. मग त्यांनी लेकीचा हात मांडीवर ओढून घेतला आणि पहिल्या पेरावर अंगठा टेकवला.

"माझा नाव गोदावरी. मी तुझी आवस. म्हण."